हँडल सैल आहे

काम करता करता ते मध्येच पेन खाली ठेवत, खुर्ची मागे सरकवत, खिडकीशी जात, टाचा उंचावून खाली अंगणात बघत आणि स्वतःशीच म्हणत, "हाये." मग परत येऊन बसत आणि अर्धवट राहिलेला पत्ता पुढे लिहायला घेत. थोड्या वेळाने पेन पुन्हा खाली.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेलच. कोणी उगाच ड्रॉवर उघडून बंद करतं, कोणी फोन उलटा ठेवून पुन्हा सुलटा करतं. आमच्याकडे हे होते. सदर भागातल्या आमच्या कार्यालयात ते आवक-जावक सांभाळत आणि माझं टेबल त्यांच्या समोर. टाचा उंचावण्याची त्यांना गरजच होती, देवाने उंची देताना जरा हात आखडता घेतला होता. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही म्हणायची. नवीन बदलून आलेल्या माणसाला वाटे, खाली यांची मोटार उभी असावी. तो कुतूहलाने खिडकीशी जाई, तर खाली कडुनिंबाला टेकवलेली एक सायकल. तीही अशी, की भंगारवाल्यानेही घेऊ की नको म्हणावं.

आधी त्यांच्याकडे स्कूटर होती. गिट्टीखदानहून ते तिच्यावरून येत. एकदा दुपारी त्यांच्या शेजारच्या काकूंचा फोन आला, ते तडक निघाले आणि उड्डाणपुलाखालच्या गर्दीत अडकले. पलीकडे घराकडे जाणारा रस्ता मोकळा दिसत होता, मध्ये फक्त कमरेएवढा डिव्हायडर. पण स्कूटर काही उचलून पलीकडे ठेवता येत नाही. वळायला जागा मिळेपर्यंत त्यांना पार पुढे जावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एवढंच सांगितलं की आता सायकल घेतो, उचलता येईल अशी. मी मनात म्हटलं, झालं, साठी जवळ आली आणि यांना व्यायामाचं खूळ लागलं.

नवी सायकल आली. निळी, चकचकीत, कुलूपवाली. दिवाळीच्या तोंडावर ती अंगणातून चोरीला गेली. नेमका त्याच दुपारी काकूंचा फोन आला. भाऊ जिना उतरून धावले आणि मी खिडकीतून बघते तर हा माणूस कडुनिंबाभोवती गोल फिरतो आहे, सायकल झाडामागे लपली असेल अशा आशेने. मला आधी हसू आलं. मग त्यांनी वर बघितलं आणि त्यांचा चेहरा बघून मी पर्स उचलून खाली गेले. मीच ऑटो थांबवला, मीच त्यांना आत बसवलं. त्या ऑटोत मला सगळं कळलं.

भाऊंच्या बायकोला, वहिनींना, विसरण्याचा आजार होता. लग्नाआधी त्या कन्हानच्या शाळेत शिकवायच्या, नंतरही इथे बरीच वर्षं शिकवत होत्या. आता नवरा कोण हेही त्यांना रोज नव्याने सांगावं लागे. कधीतरी मनात येई आणि "शाळेले उशीर होऊन राहिला" म्हणत त्या फाटक उघडून चालू लागत. कामाची बाई दुपारपर्यंत थांबे. पुढे शेजारच्या काकू लक्ष ठेवत, पण त्यांचे गुडघे गेलेले. त्या फोन करू शकत, मागे धावू शकत नसत. मुलगा पुण्याला होता. त्याच्याकडे नेलं तेव्हा वहिनींनी परक्या घरात जेवण सोडलं, म्हणून परत आणलं.

"बाहेरून कुलूप लावून पाहिलं का भाऊ?" मी विचारलं.

"एकदा लावलं," ते म्हणाले. "दारावर हात आपटून आपटून सुजवून घेतले तिनं. आता नाही लावत."

त्या दिवशी वहिनी कोपऱ्यावरच्या टेलरच्या दुकानात सापडल्या. स्टुलावर बसून त्या गिऱ्हाइकांची हजेरी घेत होत्या आणि टेलरही बिचारा "हजर" म्हणत होता. भाऊंनी त्याचे हात धरले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत.

तेव्हा मंडळी, खिडकीतून बघण्याचा अर्थ मला असा उशिरा कळला. बायकोला कुलूप लावता येत नव्हतं, म्हणून जीव सगळा त्या सायकलीत अडकलेला. फोन आला आणि ती जागेवर नसली तर? या एका प्रश्नावर तो माणूस उठे-बसे.

आता तिसरी वस्तू हवी होती. चोराला नको वाटेल आणि डिव्हायडरवरून एका हाताने पलीकडे टाकता येईल अशी. मजबूत साखळी-कुलूप बघायला आम्ही दोघंही मधल्या सुट्टीत गेलो होतो. त्यांनी साखळी हातात तोलून बघितली आणि दुकानदाराला परत दिली. ती सायकलीला लावायची म्हणजे हलकी सायकल घेण्यात अर्थच काय राहिला?

घरी गॅलरीत मुलाची जुनी माउंटन बाइक पडून होती. तो कॉलेजात जाई तेव्हाची, जाड टायरांची, गिअरवाली. सांगाडा मात्र हलका आणि पक्का. भाऊ मोबाइलवर कुठल्याशा गोऱ्या माणसाचे व्हिडिओ बघू लागले. तो काय बोलतो ते त्यांना कळत नसे, हात कसे चालतात तेवढं ते बघत. गिअर निघाले, मडगार्ड निघाले, कॅरिअर आणि स्टँड निघालं. जाड टायरांच्या जागी बारीक टायर आले. दर रविवारी ते सायकल गल्लीतल्या रद्दीवाल्याकडे नेऊन त्याच्या काट्यावर चढवत. रद्दीवाला प्रत्येक वेळी आशेने पुढे येई आणि प्रत्येक वेळी भाऊ आकडा बघून सायकल घरी परत नेत. शेवटी घंटीसुद्धा काढली. घंटीचं वजन ते किती असणार, पण नाही म्हणजे नाही. मग रस्त्याने जाताना ते तोंडानेच "सरका, सरका" म्हणत.

सोमवारी ऑफिसात आम्हाला प्रगती ऐकावी लागे. एका सोमवारी त्यांनी सायकल खांद्यावर घेऊन जिना चढून दाखवला आणि साहेबांच्या दारात उभे राहिले. साहेब फाइलमधून मान वर करून म्हणाले, "हे काय?" भाऊ म्हणाले, "काही नाही सर, चढते का ते पाहून राहिलो होतो."

मग आली ती कुरूप करण्याची पायरी. फाटकाला लावून उरलेला चॉकलेटी ऑइलपेंट त्यांनी मुद्दाम ओघळ येतील असा फासला. नाव, चित्रं, पट्टे सगळं झाकलं. दांड्यांवर जुन्या ट्यूबच्या चिंध्या गुंडाळल्या. पहिल्या दिवशी चौकीदाराने त्यांना सांगितलं की हे भंगार इथे ठेवू नका, साहेब ओरडतात. भाऊंचा चेहरा असा उजळला की विचारू नका. त्या दिवशी सगळ्या मजल्याला त्यांच्याकडून चहा.

सीट तर ते काढून पिशवीतच ठेवत. डब्याच्या शेजारी सीट, सीटचं नाक पिशवीबाहेर. मीटिंगला ती पिशवी मांडीवर. पण खरी युक्ती पुढेच होती. हँडलच्या मधला बोल्ट ते असा सैल करून ठेवत की हँडल फिरे, चाक मात्र सरळच राही. बसून पळवायला गेलं की माणूस तोंडावर. तो बोल्ट कसायची सहा कोनी किल्ली त्यांच्या गळ्यात दोरीला असे, शर्टाच्या आत. फोन आला की धावत खाली, पिशवीतून सीट बाहेर, गळ्यातली किल्ली बाहेर, आणि मी वरून खिडकीतून ओरडायची, "हँडल कसलं का भाऊ?" ते हात वर करत आणि फाटकाबाहेर होत. मग संध्याकाळपर्यंत आमचं कोणाचंच कामात लक्ष नसे. घरी पोचल्यावर ते मला फोन करून एकच शब्द सांगत, "हाये." तो आला की मी सगळ्यांना सांगायची आणि पंख्याचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागे.

एकदा आमच्या शिपायाला चहा आणायची घाई होती. सीट नसली तरी उभ्याने पॅडल मारत जाऊ म्हणून त्याने ती सायकल घेतली आणि फाटकापर्यंतही न जाता पडला. कोपर सोलवटलं, गुडघ्याला खोक पडली. शिपाई स्वतःच हसत होता. आम्ही भाऊंचं अभिनंदन केलं, युक्ती चालते म्हणून. भाऊ मात्र पांढरेफटक पडले होते. शिपायाच्या कोपराला त्यांनी स्वतःच्या हाताने हळद लावली आणि जागेवर येऊन बसले. दिवसभर ते खिडकीशी गेले नाहीत.

"हा गेटातच पडला ताई," ते शेवटी म्हणाले. "चोर तर रोडवर जाऊन पडन. मागून ट्रक आला तर?"

"चोराची काळजी काहून करून राहिले भाऊ?" मी म्हटलं.

"त्याची बी घरी कोणी वाट पाहत असन ना."

दुसऱ्या दिवशी सायकलीच्या मधल्या दांडीला पत्र्याची एक पाटी लटकत होती. पांढऱ्यावर काळ्या रंगात, भाऊंच्या त्या पत्ते लिहायच्या वळणदार अक्षरात: "हँडल सैल आहे. कृपया बसू नये. पडाल." आम्ही पोट धरून हसलो. इतकी खटपट करून चोराला फसवायचं आणि मग त्यालाच अहो-जाहो करून सावध करायचं! तुमचं गुपित तुम्हीच फोडलंत, असं साहेबसुद्धा म्हणाले. भाऊ म्हणाले, "नेली तर नेली, पण पडू नाही कोणी." आणि उठून खिडकीशी गेले. आता तर त्यांना जास्तच वेळा जावं लागे, कारण युक्ती गेली होती. वर पाटीचं वजन वाढलं होतं ते वेगळंच.

उन्हाळ्यातला रविवार होता. आम्ही नुकतेच त्यांच्या पलीकडच्या गल्लीत राहायला आलो होतो. मी अंगणात सडा टाकत होते तेव्हा भाऊ फाटकाशी येऊन उभे राहिले. पायात चपला नाहीत, बनियनवर शर्ट नाही, गळ्यात ती किल्ली.

"ताई," ते म्हणाले, "नाही."

"काय नाही?"

"दोन्ही नाही."

मला क्षणभर समजलं नाही. मग माझ्या हातातली बादली खाली ठेवली गेली. घरी ते सीट लावूनच ठेवत, वेळ नको जायला म्हणून. हँडल मात्र सवयीने सैल. ते आंघोळीला गेले तेवढ्यात वहिनी सायकल घेऊन निघाल्या होत्या.

माझ्या नवऱ्याने स्कूटर काढली आणि तो बाजाराच्या बाजूला गेला. आम्ही दोघं काटोल रोडकडे. भाऊ पळत होते आणि पळता पळता बोलत होते. मी त्यांच्या मागे, धाप लागलेली, अर्धंच ऐकू येत होतं. वहिनी सायकल फार छान चालवत असत म्हणे. कन्हानला असताना शाळेत रोज सायकलनेच जात, वाऱ्यासारख्या. लग्नाआधी त्यांनी वहिनींना पहिल्यांदा बघितलं ते सायकलवरच. बाकी सगळं विसरलं तरी अंगातलं ते विसरत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"तिले येते ताई सायकल," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "लय चांगली येते. ती बसन. मी फास लावून ठेवला तिच्यासाठी."

रविवार असला तरी काटोल रोडला ट्रक होतेच. प्रत्येक ट्रकच्या हॉर्नला ते थबकत आणि पुढे बघायला घाबरत. एके ठिकाणी रस्त्यात माणसं जमलेली दिसली. भाऊ तिथेच खाली बसले. मी पुढे जाऊन बघून आले, एका हातगाडीचं चाक निखळलं होतं. परत येऊन मी त्यांना दंडाला धरून उठवलं. ते उठले आणि पुन्हा चालू लागले. मला तेव्हा देवाचा रागच आला होता, आणि त्या सायकलीचाही.

नाक्याच्या अलीकडे, रसवंतीच्या सावलीत, वहिनी दिसल्या. उभ्या. धडधाकट. पातळ नीट नेसलेलं, केस विंचरलेले, खांद्याला पर्स. सायकल हाताने ढकलत त्या तिथपर्यंत आल्या होत्या. हँडल एकीकडे वळे, चाक दुसरीकडे जाई, म्हणून फार लांब जाता आलं नव्हतं. आणि त्या रसवाल्याला झापत होत्या. तो एवढंच म्हणाला होता की बाई, सायकल आहे तर बसून का जात नाही.

"वाचता येत नाही का तुमाले?" वहिनी पाटीवर बोट ठेवून त्याला म्हणाल्या. "काय लिहिलं हाये? बसू नये. लिहिलेलं मानायचं नाही तर शाळा कायले शिकले?"

मग त्यांनी आमच्याकडे बघितलं. भाऊंना त्यांनी ओळखलं नाही. कोणी भला माणूस दिसला म्हणून तक्रार सांगावी तशा त्या म्हणाल्या, "पाहा ना भाऊ, शाळेले उशीर होऊन राहिला. पण असं लिहिलं असल्यावर बसायचं कसं?"

भाऊ तिथेच उभे होते. गळ्यातली किल्ली त्यांनी मुठीत धरली.

"नाही बसायचं बाई," ते म्हणाले. "बरोबर केलं तुम्ही. चला, आज सुट्टी हाये."

सुट्टी म्हटल्यावर वहिनींचा चेहरा खुलला. रसवाल्याने त्यांना ग्लास दिला, तो त्यांनी सावकाश संपवला. मग भाऊंनी सायकल एका खांद्यावर टाकली आणि दुसरा हात वहिनींना दिला. मी जरा मागून चालले. बनियनवरचा तो बुटका माणूस, खांद्यावर ती कुरूप सायकल, कडेला हलणारी ती पाटी, आणि हात धरून चाललेल्या वहिनी. मी रस्ताभर रडत होते, पण हे त्यांना कळलं नाही.

पुढच्या महिन्यात भाऊंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. शेवटच्या दिवशी हारतुरे झाले, भाषणं झाली, साहेब पाटीची गोष्ट सांगताना मध्येच थांबले. संध्याकाळी भाऊंनी सायकल कडुनिंबाला नेहमीसारखी टेकवली, हँडल सैल केलं आणि गळ्यातली किल्ली काढून माझ्या हातात दिली. सायकल घरी ठेवली तर वहिनी पुन्हा घेऊन निघतील, ते म्हणाले, आणि दर वेळी पाटी वाचतीलच असं नाही. त्यांची अक्षरओळखही आता जाऊ लागली होती. विकायला मन होत नव्हतं. "इथंच राहू द्या ताई. तुमी पाहत जा." मग ते पायी निघाले. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी सवयीने "सरका, सरका" म्हटल्यासारखं मला वाटलं, पण तो माझा भास असेल.

त्यांचा फोन दुपारच्या चहाच्या वेळी येई. नमस्कार वगैरे काही नाही. "ताई, हाये का?" मी उठायची, खिडकीशी जायची. मला टाचा उंचावाव्या लागत नाहीत. बघायची आणि सांगायची, "हाये." मग मी विचारायची, "अन् वहिनी?" त्यावर ते फोन कानाला धरूनच उठत. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज येई. चपला घासत गेल्याचा आवाज येई. मग काहीच नाही. तेवढा वेळ मी खिडकीचा गज धरून उभी राहायची. समोरच्या टेबलावरची नवीन मुलगीसुद्धा टाइप करायची थांबायची. मग लांबून, दाराशी उभं राहून हळू बोलल्यासारखा त्यांचा आवाज येई, "हाये." आम्ही दोघी चहा प्यायला लागायचो.

थंडीत मधले बरेच दिवस फोन आला नाही. मी लावला तर कोणी उचलला नाही. मग एका दुपारी आला.

"ताई, हाये का?"

मी उठले, बघितलं. "हाये. अन् वहिनी?"

खुर्ची सरकली नाही. मी वाट बघितली, तरी सरकली नाही.

"ताई, ते हँडल आता कसून टाका," भाऊ म्हणाले. "पाटी बी काढा. कोणाले लागत असन तर नेऊ द्या."

वहिनी आदल्या आठवड्यात गेल्या होत्या. कुठे निघाल्या नव्हत्या, रस्त्यावर नव्हत्या. घरीच, आपल्या पलंगावर, पहाटे. मी नुसती "भाऊ, भाऊ" म्हणत राहिले. तेच मला समजावल्यासारखे म्हणाले, "मी तिथंच होतो ताई. बाजूलेच होतो."

ड्रॉवरमधून दोरीची ती किल्ली काढून मी खाली गेले. बोल्ट गंजला होता, पहिल्यांदा वळेना. मी दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा वळला. मग सायकल जरा ढकलून बघितली. हँडल वळवलं तसं चाक वळलं. पाटी काढून मी पर्समध्ये ठेवली, सायकल झाडाला टेकवली आणि वर आले. त्या दिवशी मी पुन्हा खिडकीशी गेले नाही.